हाड गिळलं, आता काय?

कुत्र्यानं मटणाचं किंवा कोंबडीचं शिजलेलं हाड गिळलं की घरात सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: याला आता काय द्यायचं? आजी तूप सुचवते, शेजारचे काका मिठाचं पाणी, सोसायटीच्या ग्रुपवर कुणी एरंडेल सांगतं तर कुणी ब्रेड. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत यांपैकी काहीही देऊ नका. हाडानं होते त्यापेक्षा मोठी इजा कधीकधी त्यावरच्या उपायांनी होते. आणि उपाय करण्यात जो वेळ जातो, तो परत मिळत नाही.

आपल्याकडे या प्रसंगाचं पंचांग ठरलेलं आहे. दर रविवार, धुळवड, ३१ डिसेंबर, आणि श्रावणाच्या तोंडावर येणारी गटारी. ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात आगरी-कोळी घरांतल्या हळदीची त्यात भर. पाहुणे लाडानं एक हाड खाली सरकवतात, ‘अरे, कुत्रा आहे, हाड नाही खाणार तर काय खाणार?’ म्हणतात आणि रात्री साडेअकराला आपल्या घरी निघून जातात.

हाड शिजलं की ते बदलतं. हाडाचा कडकपणा कॅल्शियमच्या क्षारांमुळे असतो आणि लवचिकपणा कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे. शिजताना हे कोलॅजन विरघळून रस्स्यात उतरतं. पाया सूप ओठांना चिकटतं ते त्यामुळेच. मागे उरतं ते कोरडं, ठिसूळ हाड. कुत्र्यानं ते चावलं की त्याच्या टोकदार चिरफळ्या उडतात. तंदुरी तंगडीचं हाड यात सर्वांत वाईट, कारण ते पोकळ असतं आणि उभं चिरतं. मटणातले मणक्याचे तुकडे वेगळ्या कारणानं धोक्याचे: त्यांना चारी बाजूंनी कोपरे असतात आणि ते अन्ननलिकेत रुतून बसतात.

आता पहिली पाच मिनिटं. हाड अजून तोंडातच असेल तर हिसकावायला जाऊ नका. ओढाओढी सुरू झाली की बहुतेक कुत्री हातातलं जाऊ नये म्हणून अख्खं हाड गिळून टाकतात. त्यापेक्षा उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा तुकडा थोडा लांब टाका. त्यासाठी हाड सोडेल अशी शक्यता बरीच असते. हाड पोटात गेलंच असेल तर उरलेली ताटं उचला, कुत्र्याला शांत खोलीत न्या आणि हिशोब करा. कोणतं हाड होतं? साधारण केवढं? चावून खाल्लं की अख्खं गेलं? किती वाजता? कुत्र्याचं वजन किती? तसंच दुसरं हाड ताटात असेल तर शेजारी नाणं ठेवून त्याचा फोटो काढा. डॉक्टर फोनवर हेच विचारणार आहेत. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरनं तंगडीचं हाड खाणं आणि पाच किलोच्या शिह त्झूनं तेच हाड खाणं या दोन वेगळ्या घटना आहेत.

श्वासाचा प्रश्न असेल तर मात्र फोन, फोटो, सगळं बाजूला. हाड श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकलं की कुत्रा पंजानं तोंड ओरबाडतो, मान ताणतो, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो किंवा आवाजच येत नाही. हिरड्या आणि जीभ निळसर-राखाडी पडते. खोकला जोरात येत असेल तर त्याला खोकू द्या. खोकल्याइतका चांगला उपाय तुमच्या हातात नाही. श्वास बंद होतोय असं दिसलं तर तोंड उघडा, जीभ पुढे ओढा आणि हाड डोळ्यांना दिसत असेल तरच काढा. न दिसणाऱ्या घशात बोटं फिरवली तर हाड आणखी खाली जातं. ते जमलं नाही तर खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहातानं चार-पाच ठोके द्या. तरीही नाही, तर लहान कुत्र्याची पाठ आपल्या छातीला टेकवून त्याला धरा आणि बरगड्या संपतात त्याच्या लगेच खाली, पोटावर आत आणि वरच्या दिशेनं चार-पाच झटके द्या. मोठ्या कुत्र्याला उभंच ठेवून मागून दोन्ही हातांचा विळखा घाला आणि त्याच जागी दाबा. हे करत असताना दुसऱ्या कुणीतरी गाडी काढलेली असली पाहिजे. हाड निघालं तरी दवाखान्यात जायचंच, कारण घशाला सूज नंतर येते.

गुदमरलेलं कुत्रं मालकालाही चावतं, यात त्याचा दोष नाही. चावा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची लस कल्याणला महापालिकेच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात, डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालयात आणि ठाण्याच्या बाजूला कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मिळते.

तोंडातच अडकण्याचे दोन प्रकार नेहमीचे. एक, चपटा तुकडा वरच्या दाढांच्या मध्ये टाळूला आडवा बसतो. दुसरा खास आपला: नळी. खाटकानं गोल कापलेली नळी आपण चोखून मगज खातो आणि उरलेलं कडं कुत्र्याला देतो. ते कडं खालच्या जबड्यावरून सुळ्यांच्या मागे सरकतं आणि तिथेच अडकून बसतं. कुत्रा शांत असेल तर जबड्याला तेल लावून एकदा हलक्या हातानं पुढे सरकवून पाहा. एकदाच. नाही निघालं तर डॉक्टर थोडी भूल देऊन ते कापून काढतात. काम किरकोळ असतं. घरी पक्कड चालवून जबडा सोलण्यात शहाणपणा नाही.

सर्वांत फसवी जागा अन्ननलिका. कुत्र्याचा श्वास नीट चाललेला असतो, तो चालतो, शेपूटही हलवतो, त्यामुळे ‘गेलं वाटतं खाली’ म्हणून घर झोपायला जातं. प्रत्यक्षात हाड तीनपैकी एका ठिकाणी थांबलेलं असू शकतं: मान संपून छाती सुरू होते तिथे, हृदयाच्या वरच्या बाजूला, किंवा जठराच्या तोंडापाशी. अशा कुत्र्याची लाळ तारेसारखी गळत राहते. तो पुन्हा पुन्हा आवंढा गिळतो, ओठ चाटतो, मान लांब करून बसतो, आडवा व्हायला तयार होत नाही. खाण्याकडे जातो आणि परत येतो. काही खाल्लंच तर थोड्याच वेळात ते जसंच्या तसं, न पचलेलं, बाहेर पडतं. पोट आत-बाहेर ओढून कुत्रा ओकतो ती उलटी. इथे पोटाला जोर लागत नाही, मान खाली घातली की अन्न नुसतं घसरून येतं. हा फरक लक्षात ठेवा आणि जमलं तर मोबाइलवर चित्रीकरण करा. त्या दहा सेकंदांवरून डॉक्टरांना बरंच कळतं.

या अवस्थेत सकाळपर्यंत थांबायचं नाही. हाडाचा दाब एकाच जागी पडत राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि भिंत सडायला लागते. ती फुटली तर लाळ आणि जंतू थेट छातीच्या पोकळीत उतरतात. हाड जितक्या लवकर निघेल तितकं बरं. चोवीस तास उलटले की गुंतागुंत झपाट्यानं वाढते. ते काढतात बहुधा एंडोस्कोपनं, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून. वर ओढता आलं नाही तर डॉक्टर ते खाली जठरात ढकलतात आणि तिथेच सोडून देतात. मालकांना हे ऐकून धक्का बसतो, पण जठरातल्या आम्लात हाड हळूहळू विरघळतं.

जठराची बातमी म्हणून दिलासा देणारी आहे. चावलेलं, लहान हाड जठरापर्यंत सुखरूप पोचलं तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ते मऊ पडून पुढे जातं आणि कुत्र्याला काही होत नाही. ‘आमच्या टायगरनं आयुष्यभर हाडं खाल्ली’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. अडचण एवढीच की कुठल्या कुत्र्याचं हाड सुखरूप जाणार हे खाताना कळत नाही. म्हणून कुत्रा ठणठणीत दिसत असला तरी डॉक्टरांना फोन करायचा. ते एक्स-रे काढायला सांगतील किंवा घरी लक्ष ठेवायला सांगतील. हाड बहुधा एक्स-रेत दिसतं. कोंबडीची बारीक हाडं पुसट दिसतात आणि माशाचा काटा पुष्कळदा दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे सांगितला तर पैसे उकळतायत असं समजू नका. हाड पुढे सरकलं की तिथेच आहे, हे दोन चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

आता ते घरगुती उपाय. उलटी करवणं सगळ्यांत घातक: जी चिरफळी खाली जाताना नशिबानं टोचली नाही, ती वर येताना टोचेल. मिठाच्या पाण्यानं रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की कुत्र्याला झटके येतात. हायड्रोजन पेरॉक्साइड जठराचं अस्तर जाळतं. तूप, तेल, एरंडेल, पॅराफिन तोंडात ओतलं की ओकारी येणाऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात उतरतं आणि त्यातून न्यूमोनिया होतो. मग हाड बाजूलाच राहतं आणि उपचार न्यूमोनियावर चालू होतात. माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्याही नकोत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल ही औषधं आपल्या डब्यात असतात म्हणून ती कुत्र्याला चालतात असं नाही. त्यांनी जठराला व्रण पडतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकतं.

भात किंवा ब्रेड देण्याबद्दल डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. हाडाभोवती मऊ अन्नाचं वेष्टन बसावं म्हणून काही जण थोडा मऊ भात द्यायला सांगतात. पण लाळ गळत असेल, ओकारी येत असेल, तर अन्ननलिकेत अडकलेल्या हाडावर भाताचा थर बसतो. आणि भूल द्यायची वेळ आली तर भरलेलं पोट हा नवा धोका. म्हणून ज्यांनी तुमच्या कुत्र्याची हकिगत ऐकली आहे, त्या डॉक्टरांनी सांगितलं तरच भात.

घरी लक्ष ठेवायचं ठरलं तर तीन दिवस नीट ठेवा. वारंवार उलट्या, पाणीही न टिकणं, पोट हाताला कडक लागणं, पुढचे पाय जमिनीला टेकवून ढुंगण वर अशी विचित्र बैठक, ताप, सुस्ती, काळी डांबरासारखी शी, दोन दिवस शी न होणं: यांतलं एकही दिसलं तर उठा आणि निघा. आतड्याला भोक पडलं तर जंतू पोटभर पसरतात आणि तेव्हा हिशोब तासांचा असतो. रोजची शी पाहायची, हे सांगताना लोक तोंड वाकडं करतात; पण काडीनं पसरून पाहिल्याशिवाय हाड बाहेर पडलं का हे कळायचं कसं? पांढुरकी, खडूसारखी भुगा होणारी शी दिसली तर हाडाचा चुरा बाहेर पडतोय. कुत्रा कुंथतोय, ओरडतोय, थेंबभर रक्त येतंय, तर चुरा शेवटच्या टप्प्यात घट्ट बसलाय. तिथे एनिमा डॉक्टरांनी द्यायचा असतो. गुदद्वाराशी हाडाचं टोक दिसलं तरी ओढायचं नाही.

हाडाच्या नादात रस्सा विसरतो आपण. आपल्या मटणाच्या वाटणात भाजलेला कांदा आणि लसूण असतो, आणि शिजवल्यानं कांद्याचं विष जात नाही. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडायला पुरतो. पाच किलोच्या कुत्र्याला म्हणजे एखादा मोठा कांदा झाला. लक्षणं त्या रात्री दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी चहाच्या रंगाची होते, कुत्रा दमतो. बिर्याणीत बेदाणे असतील तर तेही सांगा, त्यांनी मूत्रपिंडं बिघडतात. चरबी आणि कोंबडीची कातडी भरपूर खाल्ली असेल तर एक-दोन दिवसांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तेव्हाच्या उलट्यांचं खापर हाडावर फोडून मोकळं होऊ नका.

जायचं कुठे, हे रात्री बारा वाजता शोधायचं काम नाही. ठाण्यात घोडबंदर रोडवर, नौपाड्यात, डोंबिवलीत मानपाडा रोडच्या अलीकडे-पलीकडे प्राण्यांचे दवाखाने पुष्कळ आहेत. पण ‘चोवीस तास’ पाटीवर असणं आणि मध्यरात्री आत डॉक्टर असणं यांत फरक असतो. या रविवारी जवळच्या दोन-तीन ठिकाणी फोन करा आणि विचारा: रात्री डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात का? एक्स-रे तिथेच होतो का? एंडोस्कोपी किंवा पोटाची शस्त्रक्रिया करता का, नसेल तर तुम्ही कुठे पाठवता? खर्चाचा अंदाजही आत्ताच विचारा. घाबरलेल्या माणसाला तो विचारताना लाज वाटते. उत्तरं कागदावर लिहून फ्रिजवर लावा, म्हणजे तुम्ही गावी गेलेले असताना घरी राहिलेल्या आईलाही सापडतील.

मोठं काम निघालं तर वाट मुंबईची. परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथेच, जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते, बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय. महालक्ष्मीला टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ मध्ये उघडलं. कुठेही निघण्याआधी फोन करून अमुक सोय आत्ता चालू आहे का, हे विचारून घ्या. डोंबिवली-कल्याणकरांनी वेळेचा हिशोब सढळ धरावा: शिळफाटा आणि मुंब्रा बायपासला रात्री अवजड वाहनांची रांग लागली की दोन वाजताही गाडी हलत नाही. ठाण्यात घोडबंदर रोडचं तेच. म्हणून कुत्रा स्थिर असेल तरी आधी जवळ एक्स-रे काढून घ्यावा आणि तो मोबाइलवरून पुढच्या डॉक्टरांना पाठवून मग निघावं असं माझं मत आहे. मग अर्ध्या वाटेवर कोंडीत अडकलात तरी पुढच्या डॉक्टरांनी चित्र पाहिलेलं असतं. रिक्षा किंवा ॲपची टॅक्सी बोलावताना कुत्रा आहे हे आधीच सांगा. ओकणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड कधीही बांधू नका.

दुर्बिणीनं हाड काढून घरी आलात तरी आठ-पंधरा दिवस मऊ, पातळ खाणं आणि दिलेली औषधं चुकवायची नाहीत. जखम भरताना कधीकधी अन्ननलिका आकसते आणि दोन-तीन आठवड्यांनी कुत्रा पुन्हा अन्न बाहेर टाकायला लागतो. तसं झालं तर ‘पुन्हा हाड खाल्लं असेल’ म्हणून सोडू नका, लगेच दाखवा.

मग हाड द्यायचंच नाही का? शिजलेलं टणक हाड, कधीच नाही. कच्च्याचे पुरस्कर्ते बरेच आहेत आणि ते कमी फुटतं हे खरं, पण त्यानंही दाढा तुटतात, जंतू येतात, आणि अडकायचं ते अडकतंच. आपल्याकडे चिकनवाल्याकडून पाय, मुंड्या, माना आणून भाताबरोबर कुकरला लावायची पद्धत आहे. त्यात स्वस्ताई आहे, कुत्र्याला चवही आवडते. पण शिट्ट्या मोजून भागत नाही. कुकर उघडल्यावर हाडं बोटांनी दाबून पाहा. पिठासारखी चुरली तर ठेवा, टणक किंवा टोकदार लागली तर सगळी काढून टाका, आणि चुऱ्याचं प्रमाण थोडंच असू द्या, नाहीतर वर सांगितलेली खडूसारखी शी ठरलेली. हाडाविना शिजवलेलं चिकन, अंडं, काटा काढलेला बोंबील, सगळं कांदा-लसूण-मीठ न घालता, यात कुत्र्याचं काहीही अडत नाही.

हाडासारखंच आतड्यात अडकणाऱ्या दोन गोष्टींचीही नोंद घ्या, कारण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचा बुरकुंडा. या दोन्ही जठरातल्या आम्लात विरघळत नाहीत, त्यामुळे हाडापेक्षाही त्या हट्टी. येऊरला पावसात कणीस खाताना उरलेला बुरकुंडा कुत्र्यापुढे टाकू नका. कुत्र्यानं तो गिळला आणि आठवड्याभरानं उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना त्याची आठवण करून द्या.

राहता राहिली रस्त्यावरची कुत्री. ‘त्यांना कुठे काय होतं?’ हा प्रश्न विचारणाऱ्यानं एखाद्या बंद टपरीमागे कुंथत पडलेलं कुत्रं पाहिलेलं नसतं. त्यांचा एक्स-रे कुणी काढत नाही, म्हणून त्यांचा हिशोबही कुठे लागत नाही. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाणं घालायची जागा सोसायटीनं ठरवून देण्याची तरतूद आहे. त्या जागी भात-चिकन घाला, ताटातली हाडं नकोत. गटारीच्या रात्री हाडांची पिशवी जिन्याखाली ठेवली की पहाटेपर्यंत ती फाटलेली असते. हाडं झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि घंटागाडी दारात आली की ओल्या कचऱ्यात द्या. हळदीच्या मांडवात तर केटरर उष्ट्या पत्रावळ्यांचा ढीग मागच्या बाजूला उघड्यावरच लावतो. सुपारी देतानाच त्याला झाकणाचे दोन ड्रम आणायला सांगा, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर ते झाकलेत का, हे घरातल्या एखाद्या जबाबदार पोरानं जाऊन पाहावं.